बरोक चित्रांतले मद्योत्सव कसे वाचायचे?

कर्वेरोडकर

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या आमच्या कलारसास्वाद गटासाठी दीड तासाचं एक सत्र बांधतो आहे. विषय आहे सतराव्या शतकातल्या युरोपीय, म्हणजे बरोक शैलीच्या, चित्रांतले देवादिकांचे मद्योत्सव. तीन चित्रं पक्की आहेत: रोमच्या फार्नेझे प्रासादातलं आनिबाले काराच्चीचं छत, स्पॅनिश व्हेलास्केसचं 'बॅकसचा विजय' (बॅकस म्हणजे मद्याचा देव) आणि फ्रेंच पूसाँचं 'पॅनचा विजय' (पॅन म्हणजे बोकडपाया रानदेव). गटात पंचवीसेक माणसं, कॉलेजातल्या मुलांपासून निवृत्तांपर्यंत. चित्रं बघायची सवय सगळ्यांना आहे, ग्रीक-रोमन पुराणांची ओळख मात्र जेमतेम.

अडतंय ते इथे. ही चित्रं करून घेणारे कोण, तर एक कार्डिनल (पोपखालोखालचा धर्माधिकारी), एक राजा आणि एका राजाचा मुख्यमंत्री. तोही पुन्हा कार्डिनलच. ट्रेंटच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कॅथलिक चर्चच्या, धर्मसभेनंतरची कडक शिस्त चालू असताना उघडेवाघडे, झिंगलेले देव यांच्या घरांत कसे चालले? हे उत्सवाचं कौतुक आहे की दारूपासून सावध करणारा उपदेश? आणि सामाजिक संदर्भ लावायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? आधी इतिहासाचे दोन परिच्छेद वाचायचे आणि मग चित्र लावायचं, असं केलं की इतिहास एकीकडे राहतो आणि चित्र दुसरीकडे.

दिवाणखाना

आधी भिंत शोधा. चित्र कुठल्या खोलीत होतं, किती उंचीवर होतं, तिथवर कोणाला येता येत होतं, एवढं कळलं की निम्मा संदर्भ हाती लागतो, आणि तो चित्राला चिकटूनच येतो.

गटाला वाड्याचं उदाहरण द्या. ओसरीपर्यंत कोण येणार, दिवाणखान्यात कोण बसणार, माजघरात कोणाला मज्जाव, माडीवरच्या खोलीत कोण जाणार, हे पुण्यातल्या जुन्या वाड्यांत ठरलेलं असे. रोमच्या मोठ्या घरांतही तसंच होतं, आणि तिथे ते एकाने लिहूनही ठेवलं आहे. जुलिओ मान्चिनी हा पुढे पोप आठव्या अर्बनचा वैद्य झाला. १६२० च्या सुमारास, घरात कुठलं चित्र कुठे लावावं यावर त्याने सविस्तर लिहिलं. शृंगारिक चित्रं बागेकडच्या, एकांतातल्या खोल्यांत लावावीत, घरधन्याने ती झाकून ठेवावीत, आणि पत्नी किंवा विश्वासातली माणसं जवळ असतानाच पडदा बाजूला करावा, असा त्याचा सल्ला. म्हणजे 'चालली कशी' या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की सगळीकडे चालत नव्हतीच. जागा ठरलेली होती.

दुसरं उत्तर ट्रेंटच्या ठरावातच आहे. डिसेंबर १५६३ चा तो ठराव धार्मिक प्रतिमांबद्दल आहे. संतांची चित्रं उत्तान नसावीत, खोट्या श्रद्धा पसरवणारी नसावीत, हा त्याचा रोख. कार्डिनलच्या घरातल्या बॅकसवर तो थेट लागू होत नाही. पुढे काही धर्माधिकाऱ्यांनी घरातल्या चित्रांवरही लिहिलं, पण सल्ला वेगळा आणि नियम वेगळा. गटात हा फरक स्पष्ट करा, नाहीतर 'ढोंगी धर्मगुरू' एवढ्या एका वाक्यात चर्चा संपते आणि चित्र बघायचं राहून जातं.

आता फार्नेझे छत. खोली प्रासादाच्या मागच्या बाजूला, नदीच्या अंगाला आहे. साधारण २० मीटर लांब, साडेसहा मीटर रुंद. तिथे फार्नेझे घराण्याचे प्राचीन संगमरवरी पुतळे कोनाड्यांत मांडलेले होते. ते आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत, त्यामुळे आत्ताच्या फोटोंवरून मूळ मांडणी लक्षात येत नाही. खाली खरे प्राचीन देव आणि वर रंगवलेले देव, अशी ती जुगलबंदी होती. छतावरही थरावर थर आहेत: खोट्या सोनेरी चौकटीत 'टांगलेली' चित्रं, खोटे ब्राँझचे गोल, खोटे दगडी पुतळे, आणि त्यांच्यामध्ये मांसल, जिवंत वाटणारी तरुण पोरं. वर बघणाऱ्या पाहुण्याने यातलं दगड कुठलं आणि कातडी कुठली हे ओळखायचं. पाहुण्याचं शिक्षण आणि यजमानाची ऐपत, दोन्ही एका फेरीत सिद्ध होत.

यजमान ओदोआर्दो फार्नेझे १५७३ चा जन्मलेला, सतराव्या वर्षी कार्डिनल झालेला. छताचं काम १५९७ मध्ये सुरू झालं तेव्हा तो विशीतच होता. मधल्या मोठ्या चित्रात बॅकस सोनेरी रथात, रथाला वाघ. शेजारी त्याची वधू अ‍ॅरिअ‍ॅडनीच्या रथाला बोकड. उजवीकडे गाढवावरून घसरणारा, बॅकसचा म्हातारा सोबती सायलीनस, त्याला सावरणारी मंडळी. १६०० साली ओदोआर्दोचा थोरला भाऊ रानुच्चो, पार्माचा ड्यूक, याचं लग्न मार्गेरिता आल्दोब्रान्दिनीशी झालं. मुलगी तत्कालीन पोपच्या घराण्यातली. म्हणून हे छत म्हणजे विवाहगीत, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. अडचण तारखेची आहे, कारण काम लग्नाच्या आधीच सुरू झालं होतं. मला स्वतःला असं वाटतं की विषय आधी ठरला आणि लग्नाने त्याला नंतर रंग चढवला. पण हे मत आहे आणि तारखा पक्क्या आहेत, हा भेद गटासमोर तसाच ठेवा.

जाता जाता एक दुवा. टिशियनने १५२० च्या दशकात फेरारासाठी केलेले प्रसिद्ध मद्योत्सव १५९८ मध्ये फेरारा पोपच्या राज्यात आल्यावर रोमला नेले गेले. नेणारा कार्डिनल याच आल्दोब्रान्दिनी घराण्यातला. म्हणजे पूसाँ आणि त्याच्या पिढीने रोममध्ये ज्या टिशियनचा अभ्यास केला, तो तिथे आला राजकीय ताब्यातून. पुढे त्यातली दोन चित्रं १६३० च्या दशकात स्पेनच्या चौथ्या फिलिपकडे गेली. मद्योत्सव हा नजराणा होता, लूट होती, करारातली मोहर होती. 'दारूबद्दल चित्रकाराचं मत काय' हा प्रश्न या व्यवहारात बराच मागे पडतो.

रंगलेप

वरचं सगळं मान्य. त्यात चित्राच्या शरीराबद्दल थोडी भर घालतो, कारण अर्थ लावताना सर्वांत जास्त चुका तिथे होतात.

पहिली चूक नावाची. भिंतीवरच्या पट्टीवर जे नाव असतं ते बहुतेक वेळा चित्रकाराने दिलेलं नसतं. व्हेलास्केसच्या चित्राला स्पेनमध्ये सगळे 'लोस बोराचोस', म्हणजे 'दारुडे', म्हणतात, पण ते नाव मागाहून रूढ झालं. १६२९ मध्ये राजाने त्याचे १०० डुकाट दिले, त्या नोंदीत बॅकस आहे. 'दारुडे' म्हणून बघायला लागलं की देव दिसेनासा होतो आणि शेतकरी तेवढे उरतात. गटाला चित्र आधी नावाशिवाय दाखवा.

दुसरी चूक रंगाची. तांब्यापासून केलेला पारदर्शक हिरवा काळानुसार तपकिरी होतो. मग द्राक्षवेलीची पानं वाळकी दिसतात आणि कोणीतरी 'शरद ऋतू, आयुष्याची उतरण' असा अर्थ काढतं. स्मॉल्ट हा काचेपासून केलेला स्वस्त निळा राखाडी पडतो, आणि स्वच्छ आकाश ढगाळ भासतं. लाखेसारखे तांबडे रंग उडतात, त्याबरोबर गालांवरची आणि पेल्यातली लाली जाते. पूसाँने रोममध्ये अनेकदा गडद तांबूस-तपकिरी अस्तरावर काम केलं. वरचा रंग वर्षांनुवर्षं पारदर्शक होत गेला की ते अस्तर खालून वर येतं आणि सावलीतल्या आकृत्या बुडतात. 'पूसाँचा उत्सव उदास आहे' म्हणण्याआधी त्या उदासीत अस्तराचा वाटा किती, हे तपासायला हवं. त्यावर पिवळं पडलेलं व्हार्निश असेल तर सगळीच दुपार संध्याकाळ होते.

तिसरी चूक आकाराची. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. योआखिम व्हटेवालने मार्स आणि व्हीनसला पकडल्याचा प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर रंगवला, साधारण २० बाय १५ सेंटीमीटर. ते हातात धरून, एकट्याने किंवा दोघांनी मिळून बघायचं चित्र. उलट रिबेराचा १६२६ चा 'नशेतला सायलीनस' १८५ बाय २२९ सेंटीमीटर. ते फुगलेलं पोट जवळजवळ माणसाच्या मापाचं आहे, आणि कोपऱ्यात रिबेराच्या सहीचा कागद एक साप दातांनी फाडतो आहे. छोट्या पडद्यावर तो साप दिसतच नाही.

चौथी चूक, चित्राचा आकार पहिल्यापासून हाच होता असं धरून चालणं. रूबेन्सचा म्युनिकमधला सायलीनस फळ्यांवर आहे आणि तो फळ्या जोडून नंतर मोठा केलेला आहे. आज दिसणारी गर्दी एका बैठकीत सुचलेली नाही. म्हणून संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरून माप, माध्यम आणि जोडकामाची माहिती घ्या. आणि चित्राची फाइलही तिथूनच, कारण इकडेतिकडे फिरणाऱ्या प्रतींत कडा कापलेल्या असतात आणि या चित्रांत कडेला बरंच काही घडतं.

फाल्गुनवद्य

'दिवाणखाना' यांचं भिंतीचं म्हणणं पटतं, पण यजमानावर सगळा भार टाकू नये. पूसाँकडे बघा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याची दोन चित्रं आहेत. एक १६३२-३३ च्या सुमाराचं, पॅनसारख्या शिंगाळ्या देवाच्या खांबापुढे चाललेला मद्योत्सव. दुसरं त्याच्या लगेच नंतरचं, 'सोन्याच्या वासराची पूजा'. बायबलमधला प्रसंग: मोझेस डोंगरावर गेलेला असताना लोक मूर्ती ओतून तिच्याभोवती नाचतात. या दोन्हींतला नाचणाऱ्यांचा गट जवळपास तोच आहे, फक्त आरशात उलटा करावा तसा उलटा.

हे गटात करून बघा. दोन्ही चित्रांतला नाच कापून घ्या, त्यातला एक फोनवर डावा-उजवा उलटा करा आणि शेजारी शेजारी लावा. तीच पावलं, तेच ताणलेले हात. एकीकडे शेजारी बाई लेकरांसाठी द्राक्षं पिळते आहे, दुसरीकडे मागे संतापलेला मोझेस देवाज्ञांच्या पाट्या फोडतो आहे. म्हणजे 'कौतुक की उपदेश' हा प्रश्न नाचाला विचारून उपयोग नाही. उत्तर नाचाच्या आजूबाजूला असतं. मूर्ती कुठली, बाजूला कोण उभं, कोण येतंय. पूसाँसाठी तो नाच प्राचीन शिल्पपट्टांवरून उचललेला, मेणाच्या छोट्या बाहुल्या मांडून पेटीत पारखलेला एक आकार होता. हे बाहुल्यांचं तंत्र त्याच्या समकालीनांनी नोंदवलं आहे. कलाकाराच्या कामाची पद्धत हाही समाजसंदर्भच आहे, आणि तो यजमानाच्या वहीत सापडत नाही.

आता शिमग्याबद्दल, कारण गटात कोणीतरी ही तुलना करणारच. शिमग्याच्या बोंबा, सोंगं, धुळवड, चार दिवस सुटलेली जीभ, हे रोमच्या कार्निव्हलशी जुळतं. तो उपवासाच्या काळाआधी येतो, ठरल्या दिवशी संपतो, आणि संपल्यावर त्याचं कवित्व उरतं. पण मद्योत्सवाच्या चित्रांना ही तुलना जशीच्या तशी लावू नका. सतराव्या शतकातल्या रोममध्ये बॅकसचा उत्सव कोणीही करत नव्हतं. तो पुस्तकांतून आणि प्राचीन दगडांवरून आलेला उत्सव आहे. शिवाय वाचणाऱ्याला हेही माहीत असे की खुद्द प्राचीन रोमच्या सिनेटने इ.स.पू. १८६ मध्ये या उत्सवांवर कडक निर्बंध घातले होते. त्या शब्दालाच आरोपाचा वास होता. त्यामुळे ही चित्रं म्हणजे त्या काळच्या मेजवान्यांचे फोटो, असं धरणं ही मुळातली चूक.

बॅकसला खरोखर जवळ करणारी एक मंडळी मात्र रोममध्ये होती, डच आणि फ्लेमिश चित्रकारांची. १६२० च्या सुमारास त्यांनी जमात बांधली. नव्या सभासदाला टोपणनाव मिळे, दारूने 'बाप्तिस्मा' होई, रात्रभर मेजवानी चाले आणि पहाटे सगळे सान्ता कोस्तान्झाला जात. तेव्हा तिथे असलेल्या तांबड्या दगडी शवपेटीवर द्राक्षं तोडणारी बालकं कोरलेली आहेत, म्हणून तिला बॅकसचं थडगं समजत. त्यांची नावं तिथल्या कोनाड्याच्या भिंतीवर कोरलेली आजही दिसतात. पोप अकराव्या क्लेमेंटने १७२० मध्ये या प्रकारावर बंदी घातली. पण ती इमारत चौथ्या शतकातली, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलीची समाधी, म्हणजे ख्रिस्ती काळातली! तिथली द्राक्षं सुगीची आहेत, ख्रिस्ती अर्थानेही वाचता येणारी. संदर्भाशिवाय द्राक्षं दिसली की बॅकस दिसतो, ही चूक तेव्हाचे चित्रकारही करत होते. सत्रात याला पाच मिनिटं जरूर द्या.

कर्वेरोडकर

फार उपयोगी. उलट्या नाचाचा प्रयोग नक्की घेतो. आणखी दोन गोष्टी विचारतो. व्हेलास्केसच्या चित्रात देवाभोवती खरे गरीब लोक आहेत. राजाला ते कशाला हवे होते? आणि या चित्रांत झोपलेल्या, धरलेल्या, ओढलेल्या बायका वारंवार येतात. गटातल्या मुली ते विचारणार, आणि विचारावंच. 'तेव्हा असं चालायचं' एवढं सांगून मला सुटायचं नाही.

दिवाणखाना

व्हेलास्केस आधी. चित्र चौथ्या फिलिपच्या उन्हाळी शयनगृहात होतं. म्हणजे बघणारा मुख्यतः राजा आणि त्याच्या अगदी जवळची माणसं. बॅकस पिंपावर बसला आहे, अंग गोरं, मऊ. तो एका गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर वेलीचा मुकुट ठेवतो आहे, पण बघतो आहे भलतीकडे. उरलेले चेहरे उन्हाने रापलेले. एक जण पसरट वाडगा हातात धरून थेट आपल्याकडे बघून हसतो. अगदी उजवीकडे एक माणूस टोपी काढून येतो आहे, तो बहुधा भिकारी.

दोन वाचनं चालत आली आहेत. एक असं की दरबाराने खालच्या लोकांची केलेली ही थट्टा आहे. सरदारकीची वस्त्रं देण्याच्या विधीचं विडंबन, देवाला गावठी सोंगात बसवणं, आणि त्या काळच्या स्पॅनिश साहित्यात देवांची चेष्टा होतीच. दुसरं असं की द्राक्षारस ही गरिबांना देवाने दिलेली उसंत आहे, आणि राजा जसा मान देतो तसाच मान देव इथे देतो आहे. मला दुसऱ्यात जास्त बळ दिसतं, आणि कारण चित्रातच आहे. यातला एकही चेहरा विद्रूप केलेला नाही. सुरकुत्या, पडके दात, घट्टे सगळे आहेत, पण ज्या काळजीने बॅकसची छाती रंगवली त्याच काळजीने ते रंगवले आहेत. थट्टेचा चित्रकार एवढा वेळ खर्च करत नाही. शेजारी रूबेन्स ठेवून बघा. १६२८-२९ मध्ये तो राजनैतिक कामावर माद्रिदमध्येच होता आणि राजाच्या संग्रहातले टिशियन नकलून घेत होता. त्याच्या मद्योत्सवांत सगळे देव, सॅटर (अर्धे माणूस, अर्धे बोकड) आणि अप्सरा. रापलेला खरा शेतकरी सहसा आत येत नाही. शेतकऱ्यांची जत्रा त्याने वेगळी रंगवली, ती पॅरिसला लूव्रमध्ये आहे. व्हेलास्केसने दोन्ही एका जमिनीवर बसवले.

मुठाकाठ

बायकांच्या प्रश्नावर लिहिते. सुरुवात मोजण्यापासून करा. प्रत्येक चित्रात जागं कोण, झोपलेलं कोण, हातात वाद्य कोणाच्या, आणि कोण कोणाला धरून आहे, चार रकाने करा आणि गटाकडून भरून घ्या. तक्ता भरला की चर्चा आपोआप नेमकी होते.

या झोपेमागे ठरावीक कथा आहेत. १५१४ चं बेल्लिनीचं 'देवांची मेजवानी' घ्या. ते बरोकच्या आधीचं, पण पुढच्या सगळ्यांनी पाहिलेलं. त्यात उजव्या कोपऱ्यात लोटिस ही अप्सरा झोपली आहे आणि प्रायापस हा देव तिच्या वस्त्राला हात घालतो आहे. ओव्हिडच्या कथेत तेवढ्यात गाढव ओरडतं, ती जागी होते आणि सगळे त्याला हसतात. हसू कोणाला, हे बघण्यासारखं आहे. फजिती त्याची होते, पण धोका तिचा होता, आणि चित्र नेमकं त्या क्षणाआधी थांबतं. टिशियनच्या 'आंद्रोसच्या लोकां'त उजव्या खालच्या कोपऱ्यात झोपलेली स्त्री आहे आणि तिला कोणी हात लावत नाही. तिथे बघणारा आपणच आहोत. पूसाँच्या खांबापुढच्या उत्सवात एक सॅटर खाली पडलेल्या बाईला पकडतो आहे आणि नाचणारी एक जण त्याला मारायला धावली आहे. तिच्याकडे बोट दाखवा. चित्रात प्रतिकार रंगवलेला असतो आणि आपण तो गर्दीत हरवू देतो.

आता संदर्भ. ही चित्रं करून घेणारे, लावणारे, झाकणारे बहुतेक पुरुष होते, आणि मान्चिनीचा सल्लाही घरधन्याला आहे. माद्रिदच्या राजवाड्यात नग्नचित्रांची खास दालनं होती आणि राणी तिथून जाताना ती झाकली जात. म्हणजे कोणी बघायचं याचे नियम त्या काळातही होते. 'तेव्हा सगळ्यांना चालायचं' हे म्हणून खरं नाही. लग्नाच्या निमित्ताने अ‍ॅरिअ‍ॅडनीची कथा वारंवार निवडली जाई, तीही तपासा. तिचा प्रियकर थीसियसने तिला बेटावर झोपेत टाकून दिलं, मग बॅकस आला आणि त्याने तिला राणी केलं. नवरीसाठी ही कथा सन्मानाची की आज्ञेची? उत्तर देऊ नका, गटाला विचारा.

आणखी एक, आपल्याकडच्या माणसांना हमखास खुपणारं. बॅकसच्या विजययात्रेतले वाघ, चित्ते, हत्ती आले कुठून? कथेप्रमाणे तो भारत जिंकून परतला. रोमन शवपेट्यांवर ही यात्रा कोरलेली आहे, त्यात हत्ती आहेत आणि बंदिवानही. नॉनसचं यावरचं ग्रीक महाकाव्य १५६९ मध्ये अँटवर्पला पहिल्यांदा छापलं गेलं. पण इथे सावध राहा. गोव्यात पोर्तुगीज होते, १६०२ मध्ये डच कंपनी निघाली, म्हणून प्रत्येक वाघ म्हणजे वसाहतवाद, ही उडी फार लांब पडते. काराच्चीच्या छतावरचा 'भारत' अलेक्झांडरच्या गोष्टींतून आणि दगडांवरून आला आहे. रूबेन्सच्या सायलीनसमागे मांडीला चिमटा काढणारा कृष्णवर्णी माणूस आहे, तो प्रश्न मात्र वेगळा. अँटवर्पसारख्या बंदरात आफ्रिकन माणसं चित्रकारांना प्रत्यक्ष दिसत होती. तिथे व्यापाराची चर्चा योग्य जागी येते.

पेठेतला

एक छोटा प्रश्न. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनातल्या एका दृश्यावरून वाद झाला, तेव्हा यान फान बाइलर्टचं 'देवांची मेजवानी' खूप फिरलं. ते या सत्रात बसेल का?

फाल्गुनवद्य

बसेल, पण वादासाठी नको, रचनेसाठी घ्या. चित्र दिजाँच्या मान्याँ संग्रहालयात आहे, साधारण १६३५ ते १६४० मधलं. चित्रकार उट्रेख्टचा, तरुणपणी रोमला राहून आलेला आणि वर सांगितलेल्या त्याच जमातीतला. लांब मेज, मध्यभागी डोक्यामागे प्रभा असलेला अपोलो, पुढे जमिनीवर द्राक्षं तोंडात पिळणारा बॅकस आणि नाचणारा सॅटर. मांडणी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करून देते, हे खरं. डच प्रजासत्ताकात सुधारित चर्चमध्ये वेदीवरच्या चित्रांना जागा उरली नव्हती. चर्चसाठी मुरलेल्या रचना घरगुती, पौराणिक चित्रांत वळल्या, असं वाचन त्यातून निघतं. मूळ विषय मात्र पेलीअस आणि थेटिसच्या लग्नाचा, जिथे कलहदेवी सफरचंद टाकते. लग्नाच्या मेजवानीत युद्धाचं बीज. तेवढं सांगून पुढे चला.

कर्वेरोडकर

आता ९० मिनिटं कशी वाटावीत एवढंच उरलं. पूसाँचं 'पॅनचा विजय' राहून गेलं, त्याची भिंतही सांगाल का?

दिवाणखाना

ती भिंत सगळ्यांत बोलकी आहे. 'पॅनचा विजय' १६३६ चं, फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशेल्यूने प्वातूमधल्या आपल्या गढीसाठी करून घेतलेलं. जोडीला बॅकसचा आणि सायलीनसचा विजय. सायलीनसचं चित्र बराच काळ नक्कल मानलं जात होतं. २०२१ मध्ये नॅशनल गॅलरीने ते पुन्हा पूसाँचं म्हणून मान्य केलं. ही चित्रं ज्या दालनात लागली तिथेच मान्तुआच्या इझाबेला द'एस्तेच्या खोलीतून आलेली मान्तेन्या, पेरुजीनो आणि कोस्ताची चित्रं होती. त्यातल्या एकात विद्येची देवी मिनर्व्हा दुर्गुणांना हाकलून लावते आहे! म्हणजे एका भिंतीवर दुर्गुणांची हकालपट्टी आणि जवळच पॅनचा जल्लोष. फ्रान्स १६३५ मध्ये स्पेनशी युद्धात उतरला होता आणि त्याच काळात त्याचा सूत्रधार ही खोली सजवत होता. इटलीचा जुना वारसा आता फ्रान्सच्या घरात आला, आणि नवा फ्रेंच चित्रकार त्याच्या बरोबरीने उभा आहे, हा त्या खोलीचा अर्थ मला सर्वांत पटतो. चित्रात कितीही धुंदी असली तरी प्रत्येक हात, वाद्य, मुखवटा मोजून बसवलेला आहे. शिस्तीत बसवलेली बेशिस्त, आणि मालक तर शिस्तीचाच माणूस.

वेळेचं असं करा. पहिली दहा मिनिटं ओळखपाळख: वेलीचा मुकुट म्हणजे बॅकस, गाढवावरचा लठ्ठ म्हातारा सायलीनस, बोकडाचे पाय म्हणजे सॅटर, हातात डफ आणि झांजा म्हणजे बॅकसच्या भक्तिणी. मग व्हेलास्केस, नावाशिवाय, २० मिनिटं. त्यातली पहिली ५ पूर्ण शांत बघण्याची. काराच्चीला २०, पूसाँला उलट्या नाचासकट २५. उरलेली १५ मुठाकाठ यांच्या तक्त्याला ठेवा आणि ती कापू नका. मला भीती आहे ती काराच्चीची. एकदा तपशिलात शिरलात की ४० मिनिटं खाईल. म्हणून त्याची फक्त चार चित्रं घ्या: पूर्ण छत, मधली मिरवणूक, घसरता सायलीनस आणि एक कोपरा, जिथे दोन बालकं झटापट करतात. त्या झटापटीला जुन्या चरित्रकाराने दैवी आणि ऐहिक प्रेमाचा झगडा म्हटलं, आणि उपदेशाचं वाचन मुख्यतः तिथूनच निघालं.

रंगलेप

मापाचं विसरू नका. सत्राआधी भिंतीवर खडूने १६५ बाय २२५ सेंटीमीटरची चौकट आखा, खालची कड जमिनीपासून साधारण ७० सेंटीमीटरवर. प्रोजेक्टर मागेपुढे करून व्हेलास्केस बरोबर त्या चौकटीत बसवा. वाडगा धरून हसणारा माणूस उभ्या माणसाच्या नजरेच्या जवळपास येतो. सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवून, दोघा-दोघांना त्याच्यासमोर दोन पावलांवर उभं करा. छतासाठी प्रोजेक्टर वर वळवता आला तर उत्तम. नाही तर टेबलावर आडवा आरसा ठेवून त्यात बघायला सांगा. आणि व्हटेवालची छापील प्रत पोस्टकार्डाच्या मापाची काढा, दोनच प्रती, म्हणजे ती हातोहात फिरेल आणि प्रत्येकाला शेजाऱ्याकडून मागून घ्यावी लागेल.